खोलीपासून फीडपर्यंत: सहा भागांचा पॉडकास्ट पूर्ण करताना

उघड्या डोळ्यांनी आकाश कसे पाहावे, या विषयावर सहा भागांचा मराठी पॉडकास्ट करायचा, असे मी ५ जानेवारी २०२५ रोजी ठरवले. त्याचा शेवटचा भाग २० जूनला प्रसिद्ध झाला. या साडेपाच महिन्यांत माइकसमोर प्रत्यक्ष बोलण्यात गेलेला वेळ मोजला, तर तो अकरा तासांच्या आसपास भरतो. बाकीचा सगळा वेळ दोन टोकांना खर्च झाला. एका टोकाला मी ज्या खोलीत बसून बोलले ती खोली होती आणि दुसऱ्या टोकाला तयार फाइल श्रोत्यापर्यंत नेणारी आरएसएस फीड. सुरुवातीला मी जे जे वाचले, त्यात माइकच्या निवडीबद्दल पुष्कळ लिहिलेले होते. या दोन गोष्टींबद्दल मात्र फार कमी. म्हणून तारखा, चुका आणि त्यांतून सापडलेले उपाय जसे घडले त्या क्रमाने येथे नोंदवत आहे.

पहिले दोन आठवडे लिहिण्यात गेले. मी प्रत्येक भाग शब्दन्‌शब्द लिहून काढला, मोठ्याने वाचला आणि फोनवर मुद्रित करून ऐकला. कागदावर नीट वाटणारी वाक्ये ऐकताना थकवत होती, याचे कारण समजायला मला चार-पाच दिवस लागले. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. वाचक मागे जाऊन पुन्हा पाहू शकतो. श्रोत्याला मात्र ते क्रियापद येईपर्यंत आधीचे सर्व शब्द मनात धरून ठेवावे लागतात. ‘ज्या ताऱ्याच्या डावीकडे जो मंद तारा दिसतो त्याच्या खाली’ अशा रचनेत तो हमखास वाट चुकतो. मग मी प्रत्येक लांब वाक्याचे दोन किंवा तीन भाग केले. पहिला आणि शेवटचा मिनिट पूर्ण लिहून ठेवला आणि मधल्या मजकुराचे केवळ मुद्दे ठेवले. त्यामुळे बोलण्यातला वाचनाचा सूर पुष्कळ कमी झाला.

१९ जानेवारीला एका मैत्रिणीकडून उसना आणलेला कंडेन्सर माइक लावून चाचणी घेतली. माझा आवाज स्वच्छ आला; पण त्याबरोबर पंख्याची घरघर, शेजारच्या खोलीतील फ्रिजची गुणगुण आणि उघड्या भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनीही तितकाच स्वच्छ आला. कंडेन्सर माइक अतिशय संवेदनशील असतो आणि शांत, ध्वनिशोषक खोलीत तो उत्तम काम करतो. साध्या घरगुती खोलीत मात्र समोरचा आवाज अधिक घेणारा आणि मागचा पुष्कळसा टाळणारा कार्डिऑइड जातीचा, कमी संवेदनशील डायनॅमिक माइक अधिक उपयोगी पडतो, हे तज्ज्ञांचे म्हणणे मला त्या दिवशी कानांनी पटले. पुढे मी यूएसबीवर चालणारा साधा डायनॅमिक माइक घेतला. त्याहून महाग काही घेण्याची गरज सहाही भागांत भासली नाही, आणि ज्यांच्याजवळ खर्चाला मर्यादा आहे त्यांनी माइकपूर्वी कान पूर्ण झाकणारे बंदिस्त हेडफोन घ्यावेत, असे माझे मत झाले आहे. काय बिघडले आहे हे ऐकूच आले नाही, तर उत्तम माइकही ते बिघडलेलेच मुद्रित करतो.

खोली निवडताना मी प्रत्येक खोलीच्या मधोमध उभी राहून एकदा टाळी वाजवली. मोठ्या खोलीत टाळीनंतर एक धातूसारखी शेपटी ऐकू येत होती. कपड्यांच्या कपाटाच्या लहान खोलीत ती जवळजवळ नव्हती. मी कपाटाची दारे उघडी ठेवून कपड्यांकडे पाठ केली, समोरच्या भिंतीला गादी उभी केली आणि टेबलावर जाड चादर घातली. माइकमध्ये येणारा प्रतिध्वनी मुख्यतः बोलणाऱ्याच्या समोरच्या आणि मागच्या कठीण पृष्ठभागांवरून येतो, त्यामुळे या दोन बाजू झाकल्या की बराच फरक पडतो. अंडी ठेवण्याचे पुठ्ठे भिंतीला लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. ते इतके हलके असतात की बोलण्याच्या आवाजातील खालचे सूर ते शोषू शकत नाहीत. त्यात वेळ घालवू नये.

तोंड आणि माइक यांच्यात एक वीत अंतर ठेवायचे, असे मी ठरवून घेतले. फार जवळ गेले की खर्जातले सूर फुगतात, दूर गेले की खोली ऐकू येऊ लागते. माझ्या विषयात आणखी एक अडचण होती. भरणी, पूर्वा फाल्गुनी, उत्तरा भाद्रपदा ही नावे उच्चारताना ‘भ’, ‘फ’, ‘प’ यांच्याबरोबर तोंडातून हवेचा झोत निघतो, आणि तो सरळ माइकवर आदळला की ‘भप्प’ असा आवाज उमटतो. संपादनात तो पूर्णपणे काढणे फार कष्टाचे असते. माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, किंचित तिरका ठेवला आणि मध्ये कापडी पॉप फिल्टर लावला, तेव्हा हा त्रास जवळजवळ संपला. महाप्राण व्यंजनांची आपल्या भाषेत रेलचेल आहे, म्हणून मराठीत बोलणाऱ्याने ही जागा दहा मिनिटे खर्च करून नीट शोधावी.

९ फेब्रुवारीला पहिला भाग मुद्रित केला. चाळीस मिनिटे बोलल्यावर फाइल उघडली, तेव्हा कळले की संगणकाने बाहेरचा माइक न घेता स्वतःच्या आतल्या माइकवरून सर्व मुद्रित केले होते. त्या दिवशी पुन्हा बोलण्याची माझी ताकद राहिली नाही आणि मनाने इतकी खचले की पुढचा आठवडाभर त्या खोलीत गेले नाही. तेव्हापासून एक नियम पाळला: मुद्रण सुरू करून माइकच्या जाळीवर नखाने हलकेच टिचकी मारायची, ती पडद्यावर ठळक दिसते का ते पाहायचे, अर्धा मिनिट बोलायचे, थांबायचे आणि तेवढे हेडफोनवर ऐकायचे. हे केल्याशिवाय पुढे जायचे नाही. पातळी पाहताना आवाजाची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलांच्या दरम्यान राहतील असे ठेवले; डिजिटल मुद्रणात शून्य ही कमाल मर्यादा असते. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर खरोखरीचा दुरुस्त होत नाही. कमी पातळीचा आवाज मात्र २४ बिटमध्ये, म्हणजे अधिक बारकाईने, मुद्रित केलेला असेल तर निर्धोकपणे वाढवता येतो. ४४.१ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने), २४ बिट, मोनो (एकच वाहिनी) अशा, आकुंचित न केलेल्या वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा लागते, म्हणजे तासाला अर्ध्या जीबीच्या जवळपास. प्रत्येक मूळ फाइलच्या दोन प्रती मी त्याच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. याशिवाय प्रत्येक वेळी बोलण्याआधी वीस सेकंद काहीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित केली. ती पुढे दोन ठिकाणी कामाला आली: मागचा अखंड गोंगाट कमी करताना नमुना म्हणून, आणि वाक्य कापल्यावर पडलेली पोकळी बुजवताना.

तिसरा भाग मुलाखतीचा होता. आमच्या निरीक्षण गटातील एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सर्वजण काका म्हणतो, त्यांनी दुसऱ्या गावाहून बोलायला होकार दिला. इंटरनेटवरील कॉलचा आवाज आकुंचित होऊन येतो आणि जोडणी अडखळली की शब्द गळतात. म्हणून आम्ही कॉल केवळ एकमेकांना ऐकण्यासाठी वापरला आणि दोघांनी आपापला आवाज आपापल्या जागी मुद्रित केला. काकांनी फोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून त्यातील ध्वनिमुद्रण ॲप वापरले आणि कानाला इअरफोन लावले, जेणेकरून माझा आवाज त्यांच्या फाइलमध्ये जाऊ नये. सुरुवातीला दोघांनी तीन आकडे मोजून टाळी दिली. ती टाळी जुळवली की दोन्ही फाइली एका रेषेत येतात. तरीही दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. आमच्या पन्नास मिनिटांच्या संभाषणात शेवटी जवळपास पाव सेकंदाचा फरक पडला होता आणि उत्तर प्रश्नावर चढत होते. दर दहा मिनिटांनी एखाद्या शांत जागी काकांची फाइल कापून किंचित सरकवली, तेव्हा ते सुटले.

मुलाखतीपूर्वी मी काकांना ईमेलने चार गोष्टी कळवल्या होत्या: मुद्रण कोठे प्रसिद्ध होईल, त्यात काटछाट होईल, प्रसिद्धीपूर्वी त्यांना ऐकवले जाईल आणि नको असलेला भाग ते काढायला सांगू शकतील. त्यांचा लेखी होकार मी जपून ठेवला आहे. ऐकल्यावर त्यांनी एक वाक्य काढायला सांगितले आणि मी ते लगेच काढले. या मुलाखतीचा सर्वांत मोठा लाभ मात्र तांत्रिक नव्हता. बोलता बोलता काका मला म्हणाले, “तू ‘तिथे, त्याच्या थोडं वर’ म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे आकाश असतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय असणार?” मी म्हटले, “मग काका, तुम्ही कसं सांगाल?” ते म्हणाले, “हात लांब करून मूठ धर. ती दहा अंशांची असते. मुठी मोजून सांग.” त्यानंतर मी आधीचे दोन भाग पुन्हा ऐकले आणि जिथे जिथे ‘इथे’, ‘तिथे’, ‘असे’ हे शब्द दिसण्यावर अवलंबून होते, ती सर्व वाक्ये पुन्हा मुद्रित केली. कोणत्याही विषयाच्या पॉडकास्टसाठी ही तपासणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पुन्हा मुद्रण करण्याचे दुसरेही कारण होते. फेब्रुवारीत मी ‘या आठवड्यात संध्याकाळी गुरू ठळक दिसतो’ असे बोलले होते. भाग प्रसिद्ध व्हायचा होता मे महिन्यात, तेव्हा तो सूर्यास्तानंतर लवकरच मावळत होता, आणि जूनमध्ये तर सूर्याच्या तेजात हरवला. भाग कधी ऐकला जाईल हे आपल्या हाती नसते. म्हणून ‘आज’, ‘सध्या’, ‘पुढच्या महिन्यात’ हे शब्द टाळावेत किंवा स्पष्ट महिना व वर्ष सांगावे.

संपादन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले. त्यासाठी मी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरले. पहिल्या अर्ध्या तासाच्या भागाला नऊ तास लागले, शेवटच्याला चार. सुरुवातीला मी आधी आवाज स्वच्छ करत होते आणि नंतर मजकूर कापत होते, त्यामुळे जो भाग फेकून द्यायचा त्यावरही कष्ट होत होते. पुढे क्रम बदलला: आधी मजकुराची काटछाट, मग स्वच्छता, शेवटी पातळी. पहिल्या भागात मी प्रत्येक श्वास आणि प्रत्येक थांबा काढून टाकला होता. एका मैत्रिणीला ऐकवले, तेव्हा ती म्हणाली की ऐकताना तिलाच दम लागतो. मी बहुतेक श्वास परत ठेवले. गोंगाट कमी करण्याच्या साधनाचेही तसेच आहे. ते जोरात लावले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडा गोंगाट राहिला तरी चालतो, पण आवाजातील माणूस हरवू नये. ८० हर्ट्झच्या खालचे सूर कापून टाकल्याने टेबलाचे धक्के आणि दूरची घरघर बरीच गेली.

पातळीचे गणित समजायला मला आठवडा लागला. शिखर किती उंच आहे यावरून आवाज किती मोठा वाटतो हे ठरत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आयटीयू-आर बीएस.१७७० या मानकानुसार सरासरी जाणवणारा मोठेपणा एलयूएफएस या एककात मोजतात. ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या आसपास, एकाने कमी-जास्त, आणि खरे शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी आहे. स्पॉटिफाय उणे १४ सुचवते. मी सर्व भाग उणे १६ वर आणले. मोनो फाइल असेल तर ऑडॅसिटीमध्ये ती ‘ड्युअल मोनो’ (दोन्ही कानांत वाजणारा एकच आवाज) समजण्याचा पर्याय तपासावा, नाहीतर निकाल तीन डेसिबलांनी बदलतो. माझे पहिले दोन भाग इतरांपेक्षा वेगळ्या पातळीचे का येत होते, याचे उत्तर तेथे सापडले. शेवटी प्रत्येक भाग हेडफोनवर, फोनच्या लहान स्पीकरवर आणि चालत्या वाहनात असा तीनदा ऐकला. वाहनात माझ्या वाक्यांचे शेवटचे शब्द बुडत होते. ते शांत खोलीत कधीच लक्षात आले नसते.

एमपी३ फाइल मी मोनो आणि ९६ केबीपीएस (सेकंदाला ९६ किलोबिट) ठेवली. अर्ध्या तासाला ती सुमारे साडेएकवीस एमबी होते. १२८ केबीपीएसला जवळपास एकोणतीस एमबी लागतात आणि केवळ बोलण्याच्या आवाजात मला फरक ऐकू आला नाही. संगीत मात्र बरेच असेल, तर ही काटकसर करू नये. संगीतासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखालील एक रचना निवडली होती, पण तिच्या परवान्यात बदल करण्यास मनाई होती. मला ती कापून आवाजाखाली मिसळायची होती, म्हणून ती सोडली आणि केवळ श्रेय मागणारी दुसरी घेतली. परवान्याच्या पानाचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवले. रचनाकार पुढे परवाना बदलू शकतो, तेव्हा हा पुरावा जवळ असावा.

एप्रिलअखेर फीडची पाळी आली. पॉडकास्ट ‘ॲपवर चढवला’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक ठिकाणी तसे काही घडत नाही. फाइल एका होस्टिंग सेवेवर राहते आणि आरएसएस फीड ही त्या फाइलींच्या पत्त्यांची व वर्णनांची यादी असते. ॲपे ती यादी वारंवार वाचतात आणि नवा भाग दाखवतात. आरएसएसमध्ये ध्वनिफाइल जोडण्याची सोय २००० सालीच आली, ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द २००४ मध्ये वृत्तपत्रात छापला गेला आणि २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. मूळ रचना आजही तीच आहे. हे कळल्यावर होस्टिंग निवडताना मी दोनच प्रश्न विचारले: जुने भाग ठरावीक काळाने काढले जातात का, आणि उद्या सेवा बदलली तर फीड ३०१ पुनर्निर्देशनाने (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप कायमच्या नव्या पत्त्यावर पाठवण्याच्या सोयीने) नव्या पत्त्यावर नेता येते का. पहिल्या विनामूल्य योजनेत भाग काही दिवसांनी हटवले जाणार होते, म्हणून मासिक शुल्काची लहान योजना घेतली. संपूर्ण प्रकल्पात सतत चालू राहणारा खर्च हा एकच आहे आणि तो आधी हिशेबात धरावा.

फॉर्म भरताना तीन ठिकाणी थांबावे लागले. फीडची भाषा आपोआप इंग्रजी निवडलेली होती. ती बदलून मराठी केली. मालकी पडताळणीसाठी दिलेला ईमेल पत्ता फीडमध्ये सर्वांना दिसू शकतो, म्हणून वेगळा पत्ता तयार केला. प्रकार ‘क्रमिक’ निवडला, अन्यथा नव्या श्रोत्यापुढे सहावा भाग प्रथम येतो. ॲपलच्या वर्गवारीत विज्ञानाखाली खगोलशास्त्र हा उपवर्ग आहे, तो मिळाल्याने समाधान वाटले. फीडमध्ये किमान एक भाग असल्याशिवाय ती सादर करता येईना, तेव्हा दीड मिनिटाची ओळखफीत तयार करून २ मे रोजी अर्ज पाठवला. ५ मेला एका डिरेक्टरीने, म्हणजे पॉडकास्टची सूची ठेवणाऱ्या सेवेने, तो परत केला. मुखचित्र छपाईसाठीच्या रंगपद्धतीत होते. ते आरजीबी या पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत, चौरस, १४०० ते ३००० पिक्सेलच्या दरम्यान आणि जेपीईजी किंवा पीएनजी असावे लागते. नवे चित्र करताना अक्षरेही मोठी केली, कारण फोनवर ते नखाएवढेच दिसते. ९ मेला मान्यता मिळाली. हे सात दिवस मी पहिल्या भागाची तारीख जाहीर केली नव्हती, हे बरे झाले. जुन्या मार्गदर्शक लेखांत गूगल पॉडकास्ट्सवर नोंदणी करायला सांगितलेले आढळेल. ती सेवा २०२४ मध्ये बंद झाली आहे, आणि आरएसएस फीड आता यूट्यूबवर जोडता येते.

१६ मेपासून दर शुक्रवारी एक भाग प्रसिद्ध केला. पहिला भाग येण्यापूर्वी चार भाग पूर्ण तयार होते आणि केवळ त्यामुळेच सहाही शुक्रवार पाळता आले. दुसऱ्या भागात एका ताऱ्याचे नाव चुकले होते. मी तो भाग काढून पुन्हा चढवला. प्रत्येक भागाला फीडमध्ये एक कायमची ओळखसंख्या असते. ती बदलल्याने ॲपांना तो नवा भाग वाटला आणि अनेकांकडे दोनदा पोहोचला. चूक दुरुस्त करताना भाग न हटवता आतील ध्वनिफाइल तेवढी बदलावी.

लोकांपर्यंत पोहोचवताना एका ॲपचा दुवा पाठवण्याची चूक पहिल्या आठवड्यात केली. ज्यांच्याकडे ते ॲप नव्हते, त्यांनी तो उघडून बंद केला. नंतर सर्व ॲपांचे दुवे आणि थेट ऐकण्याची सोय असलेले एकच पान पाठवू लागले. सोबत भागातला चाळीस-पन्नास सेकंदांचा एखादा पूर्ण विचार, पडद्यावर मराठी अक्षरांसह, जोडला. अनेक जण असे तुकडे आवाज बंद ठेवूनच पाहतात. वर्णनात नक्षत्रांची नावे देवनागरीबरोबर रोमन लिपीतही दिली, कारण शोधणारे दोन्ही प्रकारे शोधतात. प्रत्येक भागाचे संपूर्ण लिखित रूपही दिले. स्वयंचलित लेखनाने नक्षत्रांच्या नावांचा पार गोंधळ केला आणि ते सुधारायला भागाला दोन तास लागले. पण ऐकू न येणाऱ्या एका वाचकाने ते वाचून आकाश पाहिल्याचे कळवले, तेव्हा त्या तासांचा हिशेब मी सोडून दिला.

आकडे पाहताना एक गोष्ट लक्षात असावी. आयएबी टेक लॅब या ऑनलाइन जाहिरातींची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार एकाच यंत्राने एका भागासाठी २४ तासांत केलेल्या डाउनलोडच्या मागण्या एकदाच मोजल्या जातात आणि किमान एक मिनिटाचा आवाज उतरलेला असावा लागतो. तरीही उतरवलेला भाग ऐकला गेलाच असे नाही. मला आकड्यापेक्षा किती मिनिटांपर्यंत ऐकले गेले हे दाखवणारा आलेख अधिक उपयोगी वाटला. पहिल्या भागात तिसऱ्या मिनिटाला मोठी घसरण होती, आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत मी मालिकेची रूपरेषाच सांगत होते. चौथ्या भागापासून प्रास्ताविक चाळीस सेकंदांवर आणले आणि ती घसरण सौम्य झाली.

आता मूळ वेव्ह फाइली, संपादनाचे प्रकल्प, परवान्यांचे पुरावे आणि काकांचा होकार एका फोल्डरमध्ये आहेत, आणि त्याची एक प्रत घराबाहेर ठेवली आहे. होस्टिंगचे शुल्क वर्षभरासाठी भरले. फीडमध्ये ‘मालिका पूर्ण’ अशी खूण करण्याची सोय असते. ती केली की पुढे भाग येणार नाहीत असे समजून ॲपे नव्या भागांसाठी फीड तपासणे थांबवू शकतात. काकांनी हिवाळ्यातल्या आकाशाविषयी बोलायचे कबूल केले आहे, म्हणून ती खूण मी अजून केलेली नाही.